अक्कांचं कडवं
डांबरगोळ्यांचा वास आला की मला बंगळुरूच्या जे. पी. नगरमधलं आमचं भिंतीतलं कपाट आठवतं. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून मी आणि माझी रूममेट त्यात डोकी खुपसून, वरून रजई ओढून विनोदी गाणी रेकॉर्ड करायचो. एक गाणं खाली राहणाऱ्या घरमालकीण अक्कांवर होतं: 'अक्का अक्का, पाणी सोडा, साबण डोळ्यांत गेला थोडा.' अक्का आमच्याशी कन्नडमध्येच बोलायच्या, म्हणून आम्ही बिनधास्त होतो. पण एका सकाळी त्या तीच चाल गुणगुणत कुंड्यांना पाणी घालताना दिसल्या. गाणं फक्त आम्हा दोघींच्या फोनमध्ये होतं. तूच ऐकवलंस का, असं विचारल्यावर रूममेट शपथेवर नाही म्हणाली, तरी तिने फोन हातात घेतला की मी तिच्याकडे चोरून बघू लागले. आता घर सोडावं लागणार, असंच वाटत होतं. रविवारी अक्का वर आल्या. "मला मराठी येत नाही वाटलं व्हय गं? बेळगाव माहेर माझं," त्या म्हणाल्या. आम्ही माना खाली घातल्या. तर त्यांनी कपाट उघडलं, "स्वल्प सरका" म्हणत डोकं आत घातलं आणि त्या खणखणीत आवाजात गायल्या: 'दोघी न्हाती, टाकी रिती, अक्का बिचारी मोटर लावती.' आम्ही पोट धरून हसलो. गाणं त्यांना कुणी ऐकवलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. रूममेट आता पुण्यात असते. फोनवर मी तिला अजूनही विचारते, आणि नाही म्हणण्याआधी ती दर वेळी क्षणभर थांबते.