वसंताचं पोट आणि उजवा शॉकअप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी काय सांगायचं सोडलंय? आरेतला बिबट्या माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पवईपर्यंत आला होता, हेसुद्धा तिला सांगून झालंय. तिनं ते निम्मं मानलंही. ही गोष्ट मात्र खरी आहे. म्हणूनच तोंडातून निघत नसावी.

तर — ऐंशीनंतरची ती वर्षं. साकीनाक्याला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दोन कारखान्यांमधली बोळ, वर पत्रा. मातीतल्या रेसच्या मोटरसायकलींचे शॉकअप बांधावेत तर यानंच, असं अंधेरीपासून मुलुंडपर्यंत म्हणत. म्हणजे मी म्हणायचो, बाकीचे ऐकायचे. शॉकअपला कान लावला की रायडरनं सकाळी काय खाल्लंय ते कळतं, असं एकदा बोलून गेलो, तर लोक खरंच येऊन विचारायला लागले. आता काय करणार?

रस्त्यावरच्या साध्या गाडीचीच आम्ही मातीची गाडी करायचो. स्प्रिंगवर पाइपचा तुकडा बसवून ती ताठ करायची, तेल जाड भरायचं. आणि तेल मोजायचं कशानं? शेजारच्या टपरीवरच्या चहाच्या ग्लासानं. पुढच्या चाकाला शॉकअपच्या दोन नळ्या, डावी आणि उजवी. प्रत्येकीत दोन ग्लास. एवढं लक्षात ठेवा. मला ठेवता आलं नाही.

वसंता माझा मित्र. घाटकोपरच्या डोंगरावर चाळीत राहायचा. वडील मिलच्या संपानंतर घरी बसलेले, आई देवगडकडची. असा रायडर — इथे मी पदरचं काही घालत नाही — आख्ख्या उपनगरात नव्हता. मुलुंडच्या खाणीजवळ रेस होती. जो जिंकेल त्याला एक टायरवाले शेठ आपल्या टीममध्ये नोकरीला घेणार होते. पगार, गाडी, पुण्या-कोल्हापूरच्या रेसा. वसंताला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं.

आदल्या दिवशी मी त्याच्या शॉकअपचे सील बदलले. तेल ओतत होतो आणि — बिबट्याची गोष्ट सांगत होतो. सात-आठ जण चहा घेऊन उभे. अशा वेळी माणसाचं लक्ष हातात असतं का? बिबट्यानं माझ्या खांद्यावर पंजा ठेवला, तेव्हा मी उजव्या नळीत दोन ग्लास ओतले. लोक हसले. मी थांबलो, हसू ओसरू दिलं, पुढचं वाक्य उचललं — आणि आणखी दोन ग्लास ओतले. त्याच नळीत.

वसंतानं हँडल दाबून पाहिलं. "कडक लागतंय रे."

"रेसला कडकच लागतं. तुला जास्त कळतं का मला?"

"तुला," तो म्हणाला. आणि गाडी घेऊन गेला.

रेसमध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. मग मोठ्या उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली आली, आणि पुढचा भाग दबलाच नाही. दबणार कसा? नळीत हवेला जागाच नव्हती. गाडीनं वसंताला असा भिरकावला, की तो तबेल्याच्या डबक्यात, दोन म्हशींच्या मधोमध जाऊन पडला. पुढे सगळीकडे मी चार म्हशी सांगितल्या. हाडबिड काही मोडलं नाही. टीम तेवढी गेली — शेठनी दुसऱ्याला घेतलं.

संध्याकाळी मी शॉकअप खोलले. डाव्या नळीतून थेंब नाही. उजवीखाली बादली धरावी लागली. तेवढ्यात वसंता आला. केसांत अजून शेण.

"काय निघालं?"

इथे सांगायचं होतं. किती शब्द लागले असते? पण अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचं माझं सगळं नाव त्या बादलीत उतरलं होतं. मी बादली पायानं मागे सारली आणि म्हणालो, "शॉकअप झकास आहेत यार. तुझं पोट सुटलंय. वजन पुढे येतं, लँडिंगची वाट लागते."

त्याला पोट नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं. त्यानं मान खाली घालून पाहिलं — आणि त्याला ते दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं भात सोडला. त्याची आई गॅरेजवर आली. "माझो झील वाळान काटी झालो. काय सांगलंस रे तू तेका?" मी म्हणालो, "रायडरला असंच लागतं, काकी." काठी होऊनही तो म्हणायचा, अंगच जड आहे माझं. पुढच्या वर्षी शेठनी स्वतःहून बोलावलं, तर हाच नको म्हणाला. गाडी विकली. चेंबूरच्या एका गोदामात कारकुनी धरली, तिथूनच निवृत्त झाला.

मध्यंतरी त्याच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत मी त्याच्या शेजारी. तो नव्या जावयाला सांगत होता, "रायडर व्हायचं होतं हो मला. पण अंग तसलं नाही. यानंच ओळखलं — विचारा याला."

जावयानं माझ्याकडे पाहिलं. वसंतानंही पाहिलं, अगदी कौतुकानं.

आयुष्यभर मी इतकं बोललो. तिथे फक्त "हो" म्हणालो.