डावीकडचा स्पीकर

हिंगणघाटात आमचं गादी-रजईचं दुकान आहे आणि आठवडी बाजाराला माल न्यायला एक छोटी व्हॅन. या व्हॅनची खोड विचित्र होती. जाताना मागे गाद्या, उशा, लोड ठासून भरलेले असत, तेव्हा ती निमूट चालायची. येताना माल विकून गाडी रिकामी झाली की तिचा पत्रा असा थयथयाट करायचा की कानठळ्या बसायच्या. धंदा चांगला झाला तर परतीला गोंगाट, आणि बाजार पडला तर शांतता. देवानं दोन्ही सुखं एकदम द्यायची नाहीत असं आमच्याबाबतीत ठरवूनच टाकलं होतं.

त्यात या गाडीचं इंजिन पुढच्या सीटच्याच खाली. म्हणजे आम्ही नवराबायको भट्टीवर बसून प्रवास करायचो. हायवे सिमेंटचा, टायरचा घूंऽऽ असा आवाज वडनेरपासून हिंगणघाटपर्यंत अखंड. बाजूनं हैदराबादकडचे ट्रक चाललेले. आणि आम्हाला मनातलं बोलायला जागा एवढीच. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची पोरं, दुकानात गिऱ्हाईक. म्हणून जे काही बोलायचं ते गाडीत, आणि बोलायचं म्हणजे ओरडायचं. मुलीला शिकायला नागपूरला पाठवायचं, हे आम्ही ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून ठरवलं. कोणी ऐकलं असतं तर भांडण चाललंय असं वाटलं असतं. कधी कधी असायचंही.

मी मोठ्यानं बोलते ही माझी ख्याती जुनी आहे. पण त्याच आवाजावर आमचं महिला भजनी मंडळ उभं आहे. पुढचा आवाज माझा, बाकीच्या मागून धरतात. नवऱ्याला सूर कळत नाही, तालाशी तर त्याचं उभं वैर. तरी कार्यक्रम कुठेही असो, ते सगळ्यात मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात. आवाज मागपर्यंत पोचत नसेल तर डावा हात वर करतात, पोचला की खाली घेतात. आमची एवढीच खूण. मी तबल्याकडे नाही, त्या हाताकडे बघून गाते. गेली दोन-अडीच वर्षं तो हात खाली यायलाच तयार नव्हता. मी ताण दिला, आणखी ताण दिला, तरी हात वरच.

शेवटी एका सरावाला मी वरचा सूर लावला आणि नुसती हवा बाहेर आली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खोकल्याचं नाटक केलं, पण मला आतून कळलं होतं की हे खोकल्याचं काम नाही.

वर्ध्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं. स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "फार ओरडता का?" मी काही बोलायच्या आत नवऱ्यानं सांगितलं, "नाई मॅडम, त्या फक्त गाडीत बोलतात." बाईंनी बजावलं, काही महिने गाणं बंद, मोठ्यानं बोलणं बंद, गाडीत तर तोंडच उघडायचं नाही. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाऊ शकतो. मी त्या दिवशी घरी येऊन झांजा कपाटात ठेवल्या आणि कपाटाकडे पाठ करून रडले. आवाज गेला तर माझ्यात उरतं काय, असं खरंच वाटलं मला.

मग गाडीत माझ्या तोंडाला कुलूप लागलं. इतकी वर्षं 'जरा दम घेत जाय' म्हणणारा माणूस पहिल्या आठवड्यात खूश होता. दुसऱ्या आठवड्यात चुळबुळ करायला लागला. तिसऱ्यात वडनेरहून येताना म्हणाला, "काहीतरी बोल नं वं." मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी गाडीच्या पत्र्याकडे असं रागानं पाहिलं, जसं काही गाठी त्यानंच दिल्या होत्या.

नेमका पुढचा बाजार पडला. गाद्या जशा नेल्या तशा परत आल्या आणि गाडी गप्प. हिंगणघाट जवळ आल्यावर नवरा एकदम म्हणाला, "ही कापसानं चूप बसते." तेव्हाच मी ओळखलं, यांच्या डोक्यात किडा वळवळला. कापसाच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर कापूसच दिसतो.

दारांची आतली पुठ्ठ्याची पानं काढून आत कापूस भरायचा बेत ठरला. पण दुकानातली पिंजलेली रुई गिऱ्हाइकाची, तिला हात लावायचा नाही. वडनेर माझं माहेर. तिथे भावाच्या घरी कवडी पडून होती. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, सरकीसकट, जो कोणी घेत नाही. नवऱ्यानं ती पोत्यांनी आणली आणि उन्हाळ्यातल्या एका रविवारी चारही दारांत, छताच्या कापडामागे, सीटखाली जिथे हात जाईल तिथे कोंबली. मी खुणेनं विचारलं, सरकी तरी काढायची ना? ते म्हणाले, "सरकीनं का होते? वजनच येते, चांगलं असते."

खोटं कशाला बोलू, फरक पडला. पत्र्याचा खडखडाट निम्मा झाला. नवऱ्याची कॉलर ताठ. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार वाजवून दाखवायचे.

मग पावसाळा लागला. काचेच्या फटीतून पाणी आत गेलं. खाली ते निघून जायला जी भोकं असतात ती कवडीनं बुजलेली. आधी वास आला. मग माझ्या बाजूची काच खाली होईना. आणि एका सकाळी त्या काचेच्या फटीतून दोन-दोन पानांची हिरवी रोपटी बाहेर डोकावताना दिसली. एक नाही, ओळीनं पाच-सहा; आतली सरकी रुजून कपाशी उगवली होती. मी हसले. आवाज न करता हसणं फार कठीण असतं, पोट दुखलं माझं.

त्या दिवशी वडनेरच्या बाजारात आमच्या गाद्यांपेक्षा दाराला गर्दी जास्त. माझ्या भावाच्या शेजारच्या शेतकऱ्यानं खाली वाकून नीट पाहणी केली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "जावईबापू, पऱ्हाटी तं मस्त लागली. डवरणी कवा करता?" नवरा म्हणाला, "तुमचे बैल मोकळे झाले की पाठवजा." पण येताना गाडीत त्यांचा चेहरा पडलेला होता. मी काच उघडायचा प्रयत्न केला, ती हललीच नाही. रोपटं मात्र वाऱ्यावर मजेत डोलत होतं.

मग त्यांनी हात टेकले आणि आम्ही बोरगाव मेघेला गाड्यांच्या सजावटीचं काम करणाऱ्याकडे गेलो. त्यानं दाराचं आतलं पुठ्ठ्याचं पान काढलं, तर आतून ओल्या कापसाचा गोळा त्याच्या पायावर पडला. तो नवऱ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, मी गाडीतून उंदीर काढले, एकदा साप काढला. पीक पयल्यांदाच काढून राह्यलो."

त्यानं गाडी स्वच्छ करून दोन दिवस वाळवली. दारांच्या आणि जमिनीच्या पत्र्यावर काळे, डांबरासारखे जाड पट्टे रोलर फिरवून चिकटवले. थरथरणारा पत्रा त्यानं जड होतो. वरून पाणी न धरणारा फोम, इंजिनच्या झाकणाखाली लोकर दाबून केलेला जाड नमदा, दारांच्या कडेला नवं रबर. काम झाल्यावर मी दारावर बोटानं टकटक केलं. आधी रिकाम्या डब्यासारखं वाजायचं, आता लाकडी कपाटासारखं वाजलं. दारं बंदिस्त झाली तर स्पीकरही चांगले वाजतील म्हणून त्यानं पुढच्या दोन दारांत दोन नवे स्पीकर बसवून दिले.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी परत तपासलं होतं. गाठी विरल्या होत्या. जोर न लावता हळूहळू गायला लागा, म्हणाल्या. पण मंडळात जायची माझी हिंमत नव्हती. बायका तोंडावर चांगलंच म्हणतील. मला खरं हवं होतं, आणि खरं सांगणारा माणूस एकच होता. म्हणून बोरगावहून निघाल्यावर, गाडी खरोखर शांत झाली आहे याची खात्री करून, मी एक साधी ओळ गायले. हलक्या आवाजात, पण मनापासून. मला वाटलं, बरी लागली.

त्यांनी ओळ संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बारीक येऊन राह्यला तुया आवाज. लय दुरून आल्यावानी." विषय बदलायला त्यांनी गाणं लावून पाहिलं आणि बंद करत म्हणाले, "हा डावीकडचा स्पीकरबी मेलाच हाये वाटते."

मी काचेकडे तोंड वळवलं. काच आता नीट खाली होत होती, रोपटं नव्हतं, गाडीत कसलाही गोंगाट नव्हता, आणि माझा आवाज गेलेला होता. इतकी शांतता मला नकोशी झाली. हिंगणघाट येईपर्यंत मी पदर डोळ्यांवरून काढला नाही. त्यांनीही पुन्हा गाणं लावलं नाही.

स्पीकर बदलून घ्यायला आम्ही पुन्हा बोरगावला गेलो. मी कुढत होतेच, वरून चिडलेली. दुकानदारानं डावा स्पीकर बदलला. "भाऊ, आता?" नवरा ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाला, "नाई." त्यानं उजवीकडचा काढून डावीकडे लावला. "आता?" "नाई नं बावा." दुकानदार स्वतः बसून आला आणि डोकं खाजवत राहिला. त्याला दोन्ही सारखेच येत होते. माझा पारा चढला. "उठा तुम्ही," म्हटलं आणि मी बसले. डावा, उजवा, दोन्ही ठणठणीत.

मी नवऱ्याकडे पाहिलं. घरात ते मोठ्यानं लावतात तो टीव्ही आठवला, ज्याच्या आवाजावरून जावेशी रोज खटके उडतात. मागच्या भिंतीशी वर राहिलेला तो हात आठवला.

"सीटवर गुडघे टेकून उलटे बसा," मी म्हटलं. "मागं तोंड करा."

"काऊन वं?"

"करा म्हणते नं."

चारचौघांत बायकोचं ऐकावं लागतंय म्हणून कुरकुरत ते सीटवर उलटे बसले, लहान पोरं बसतात तसे. दुकानदारानं गाणं लावलं. मी विचारलं, "आता कोणता मेला?"

ते ऐकत राहिले. मग त्यांनी डाव्या दाराकडे बोट केलं. "हा आता चांगला वाजून राह्यला." आणि उजव्या दाराकडे वळून म्हणाले, "तो तिकडचा बंद पडला."

दुकानदारानं गाणं बंद केलं. नवरा तसाच उलटा बसलेला. आधी हात डाव्या कानाकडे गेला, मग खाली आला. इतकी वर्षं गाडीत मी त्यांच्या डाव्या बाजूला बसत होते. माझं ओरडणं, माझं गाणं, सगळं त्याच कानावर जाऊन पडत होतं. मला आनंद झाला आणि धस्सही झालं, एकाच वेळी. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. चेहरा उजळलेला.

"म्हंजे तुया आवाज गेला नाई," ते म्हणाले.

कानाबद्दल एक शब्द नाही. मी भर दुकानात रडले आणि या वेळी पदरही लावला नाही. दुकानदार चहा सांगायला म्हणून बाहेर गेला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बघून विचारलं, "आता कोण?" डावा कान बराच मंदावला होता, उजवा थोडा. छोटं यंत्र लावायचं ठरलं. यंत्राला नवऱ्याचा आठवडाभर नकार. लोक काय म्हणतील, गिऱ्हाईक काय म्हणेल. मी म्हटलं, "गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की काढून ठेवत जा." हे त्यांना पटलं. आता ते तसंच करतात.

यंत्र लावून आम्ही वडनेरचा बाजार केला. माल सगळा गेला, मागे गाडी रिकामी. पूर्वी अशा दिवशी पत्र्यानं जीव नको केला असता. हायवेला लागल्यावर ते सारखं मान वाकडी करून ऐकत होते. "मागं काहीतरी कुरकुर करून राह्यलं." "जॅकचा पाना असेल." "इंडिकेटर वाजते का असा?" "पहिल्यापासून वाजतो." मग म्हणाले, "गाय नं."

मी गळा साफ केला आणि सवयीनं सूर लावला तो थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असा. त्यांचा डावा हात गियरवरून उचलला गेला. तोच हात, जो इतकी वर्षं वर वर करत होता. पण तो वर गेला नाही. तळवा रस्त्याकडे करून तो हळूहळू खाली यायला लागला.

मी आवाज कमी केला. हात आणखी खाली आला. आणखी कमी केला, मुलगी पाळण्यात असताना गुणगुणायचे तेवढा. बाजूनं एक ट्रक गेला, तरी ऐकायला त्यांना मान वाकडी करावी लागली नाही.

हात परत गियरवर गेला, आणि मी तेवढ्याच आवाजात हिंगणघाटपर्यंत गात राहिले.