उंबऱ्याच्या आतली मराठी

कुंभकोणमचे ते निवृत्त पोस्टमास्तर उंबऱ्याबाहेर तमिळ बोलत आणि आत पाऊल पडलं की मराठी. बाहेर अर्धं राहिलेलं वाक्यही आत येऊन मराठीत पुरं करत. पूर्वजांनी तंजावरला आणलेली त्यांची ती जुनी मराठी प्रबंधासाठी टिपायला मी पुण्याहून गेले होते. पण रेकॉर्डर सुरू केला की ते सदऱ्याची बटणं लावून ताठ बसत आणि टीव्ही मालिकेतली मराठी बोलू लागत.

“घरातलं नेसून पाहुण्यांपुढे कसं बसावं?” ते म्हणत.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझा रेकॉर्डर उचलून कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि गळ्याचं बटण सोडलं.

“आतां बोलू.”

मग दोन तास बोलले. माझ्या प्रबंधात त्यातलं एक वाक्यही नाही. पाठ मात्र तेवढंच आहे.