खाली जाणाऱ्या पायऱ्या

आमच्या वहिनीशी हुज्जत घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी नणंद-भावजय शेजारी शेजारी बसतो. काम एकच: फोटोतल्या प्रत्येक वस्तूभोवती माउसनं बॉक्स काढायचा आणि नाव लिहायचं. दार, खुर्ची, टेबल, जिना. असे हजारो फोटो बघून कॉम्प्युटर वस्तू ओळखायला शिकतो. मग त्याचा कॅमेरा गळ्यात घातला, की ज्याला दिसत नाही त्याला तो पुढे काय आहे ते बोलून सांगतो. माझे वडील, म्हणजे वहिनीचे सासरे, आप्पा, यांची नजर जाऊन सात वर्षं झाली. त्यामुळे हे काम आमच्या घरचंच म्हणायचं.

तर प्रयोगशाळेच्या सरांचा नियम असा: वस्तूचा निदान एक तृतीयांश भाग दिसत नसेल, तर बॉक्स काढायचा नाही. एकच फोटो दोघींना देतात आणि आमचे बॉक्स जुळतात का ते बघतात. छान जुळत होते, शंभरात ब्याण्णव. आणि एक दिवस वहिनीच्या डोक्यात किडा वळवळला.

"अगं, वर जाणारा जिना सगळा दिसतो. वरून खाली बघितलं तर नुसती कड दिसते. आपण खाली जाणारा एकही जिना दाखवलेला नाही!"

"मग? नियम तो नियम."

"आणि माणूस पडतो कधी? चढताना का उतरताना?"

झालं! बाईसाहेबांनी नियम बसवला धाब्यावर, आणि प्रत्येक कडेला 'जिना' लिहीत सुटल्या. मी मात्र नियमाप्रमाणे सोडत होते. जुळणी अठ्ठ्याहत्तरवर आली आणि सर भडकले. वहिनीनं परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"मॅडम, प्रत्येकानं आपलं डोकं चालवलं तर संशोधन कसं व्हायचं? ते सगळे बॉक्स पुसा. यांचं काम बघा, कसं चोख आहे!"

'यांचं' म्हणजे माझं. मी फुगले हो, खोटं कशाला बोलू! वहिनीनं दोन हजार बॉक्स पुसले आणि चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आगाऊपणा हिनं करायचा आणि तोंड माझ्यावर फुगवायचं!

पाहुण्यांसमोर यंत्र दाखवायचं ठरलं, तेव्हा आप्पांना मीच घेऊन गेले. सरांनी त्यांच्या गळ्यात कॅमेरा अडकवला, काठी काढून घेतली. आप्पा ऐटीत निघाले.

"उजवीकडे दार," यंत्र बोललं. बरोबर. "डावीकडे खुर्ची." बरोबर. पाहुणे खूश.

कॉरिडॉरच्या टोकाला ते म्हणालं, "रस्ता मोकळा."

आप्पांनी पाऊल उचललं. मी टाळ्या वाजवत होते. वहिनी मागून धावत आली आणि तिनं त्यांचा दंड घट्ट धरला.

"काय गं? काय आहे पुढे?"

"नियमाप्रमाणे काही नाही, आप्पा. खरं विचाराल तर चौदा पायऱ्या आहेत."

माझा बाप, आणि त्या पायऱ्या सोडल्या होत्या मीच. अगदी चोख. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सरांनी नियम बदलला. पुसलेले बॉक्स कुणी जपून ठेवले नव्हते, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आता ते मी काढतेय आणि वहिनी तपासते. एखादी कड सुटली की सगळ्यांसमोर माझ्यावर डाफरते. डाफरू दे.