खंडेनवमीला थांबलेला पंप

आमची ग्वाल्हेरची प्रयोगशाळा भोपाळच्या मोठ्या प्रयोगशाळेत विलीन होणार, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. शेवटी हुकूम आलाच. आशा एवढीच, की दसऱ्यानंतर वरचे साहेब पाहणीला येणार होते. टाकीचं काम पटलं तर सिटी सेंटरमधलं आमचं युनिट राहणार होतं.

त्या टाकीत माझा जीव अडकला होता. शेल गॅस काढताना खोल खडकातून पाणी वर येतं. त्यात मीठ समुद्राहून जास्त, शिवाय तेल, बेंझिन, फिनॉल. तरंगणारं तेल काढता येतं, पण विरघळलेलं विष जिवाणूंनाच खाऊ घालावं लागतं, आणि साधे जिवाणू त्या मिठात मरतात. म्हणून तान्ह्या पोराला वरणभाताची सवय लावावी तसं, मीठ थोडं थोडं वाढवत मी त्यांना ते पाणी पचवायला शिकवलं होतं. त्यांना अखंड हवा लागायची, म्हणून पंप रात्रंदिवस घुरघुरत असे.

दसऱ्याची सुटी संपवून आलो, तर खोलीत आवाजच नाही. पंपाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. टाकीतला जिवाणूंचा तपकिरी गाळ हवेविना मरून काळा पडलेला, सडक्या अंड्यांचा वास सुटलेला.

आमचे मदतनीस मामा शिपाईगिरी केलेल्या घराण्यातले. म्हणाले, "सर, नवमीला हत्यार चालवत नाहीत ना. दर साली आपण चालत्या मशीनची पूजा केली, म्हणूनच तर हा ऑर्डर आला. ह्या बारी मी सगळं रीतीनं केलं, बंद करून दिलं."

संताप आला, पण ओरडायचं त्राण नव्हतं. युनिट वाचावं म्हणूनच तर त्यांनी हे केलं होतं.

घरी बायको म्हणाली, "विरजण बिघडलं तर शेजारून आणतात. तुम्ही कुणाला दिलं होतं का?"

दिलं होतं. भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण बाईंनी मागितला म्हणून उन्हाळ्यात गाळाची एक बरणी धाडली होती, तीही कुरकुरतच. लगेच फोन लावला.

"सर, आपका कल्चर यहाँ बढ़िया चल रहा है!" त्या खुशीत म्हणाल्या. "साहब भी दशहरे से पहले देख गए. बोले, अब ग्वालियर जाने की ज़रूरत नहीं."

जिवाणू जगले म्हणून बरं वाटलं आणि आपलं युनिट गेलं म्हणून रडूही आलं. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं, "तुमच्या पूजेनं काही बिघडलं नाही, भोपाळला आधीच ठरलं होतं." मग आम्ही दोघांनी मिळून टाकी धुतली.