चव्वेचाळिसाव्या वर्षी एमएससी नर्सिंगची तयारी

मंडळी, नीटचा निकाल लागल्यापासून माझी मुग्धा खोलीबाहेर येत नव्हती. आज दुपारी आमच्या कोलार रोडच्या शेजारीण, नर्स असलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या सुनीताताई थेट तिच्याकडे गेल्या.

"एमएससी नर्सिंगची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर आहे गं. मला सराव नाही, शिकवशील?"

शिकवता शिकवता मुग्धाने त्यांच्या शिक्षणाचं सगळं विचारून घेतलं. बारावीनंतर नर्सिंगचा डिप्लोमा, नोकरी, दोन मुलं, मग रजा काढून बीएससी.

"कंटाळा नाही आला, मावशी?"

"आला ना. पण पेशंटला काय होतंय ते कळायचं, का होतंय ते कळत नव्हतं."

संध्याकाळी मुग्धा स्वतःहून नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती शोधत बसली. म्हणाली, "आई, यात इतकं पुढे शिकता येतं, हे तू कधी सांगितलं नाहीस."

मलाच माहीत नव्हतं. तुम्ही तुमच्या मुलींना सांगितलंय का?