पडलेल्याने सांगायचं

भास्करकाकांवर लिहायला त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं विमानं उडवणारे कितीतरी लोक आहेत. मी फार थोडे रविवार त्यांच्या माळावर गेलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पेपरात लिहिण्याचीही ही पहिलीच वेळ. चुकलं तर माफ करावं... पण काका गेल्यापासून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

संगमनेरात काकांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवसांचे फलक उतरले की त्यांच्या हलक्या फोमच्या सनबोर्डातून ते रिमोटवर उडणारी छोटी विमानं कापायचे. त्यामुळे पंखावर कुणा पुढाऱ्याचा अर्धा चेहरा, नाहीतर नुसतंच 'हार्दिक' उरलेलं असायचं. विमान कोसळलं की माळावर ओरडा व्हायचा, "साहेब पडले!"

नवीन मुलं आली की काका स्वतः काही सांगत नसत. ज्याचं विमान सगळ्यात अलीकडे पडलं असेल त्यानं सांगायचं, असा त्यांचा रिवाज. "उडवनाऱ्याचं ऐकून पोरं खुळावत्यात. पडलेल्याचं ऐकू द्या," म्हणायचे. मग तो पडलेला सांगायचा... सनबोर्ड फुकट मिळेल, पण बॅटरी महाग, आणि ती फुगली की टाकूनच द्यायची. सुरुवातीला मोटरचे पंखे मोडतच राहणार. वारा सुटला असेल तर आलात तसे परत जा. आणि खर्च घरी आधीच सांगा.

माझं विमान पडलं त्या दिवशी माझे वडील, अण्णा, गल्लीतली माणसं घेऊन आले होते. "आमचं पोरगं इमान उडिवतंय," असं वाटेत सगळ्यांना सांगत. विमान वर गेलं, वळलं आणि शेजारच्या कांद्यात नाकावर आपटलं. कुणीतरी म्हणालं, "हेच शिकवत्यात व्हय कॉलेजात?" अण्णा हसले नाहीत. "चल, दूध घालायची येळ झाली," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी नवीन मुलं आली. सांगायची पाळी माझी होती. सकाळी काकांचा माळावरून फोन आला. "ये रं प्रदीप. दोन शब्द बोल नि मोकळा हो."

मी परीक्षेचं खोटं कारण सांगितलं.

"परीक्षा व्हय... बरं, बरं. अभ्यास कर."

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. काकांचंच विमान जमिनीत घुसलेलं, मागे हशा, आणि काका मोडका पंखा हातात घेऊन नव्या मुलांना सगळं समजावून सांगत होते. पाळी टळली म्हणून मला बरं वाटलं. मी हसलोसुद्धा. त्यांनी मला वेगळा मेसेज केला, "आता तू मोकळा. ये." मी तरीही गेलो नाही. पुढे थोड्याच दिवसांत झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

प्रवरेच्या घाटावर दशक्रियेला त्यांच्या दुकानातले शकीलभाई भेटले. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "काकांचंही पडलंच ना शेवटी..."

शकीलभाईंनी माझ्याकडे नीट बघितलं.

"त्यांचं कुठं पडतंय? तुझा फोन ठिवला, इमान वर नेलं, मोटर बंद केली नि नाक खाली दाबलं. आमी वरडलो, काका, काय करताय! तर म्हनले, पोरगं लई लाजतंय रं. ती पाळी माझ्यावर येऊ दे."